नरगुंदचा कौल

काळी नदीच्या खोऱ्यातील निबिड अरण्यात वसलेल्या उळवी क्षेत्री माघात श्रीचन्नबसवेश्वरांची यात्रा भरते, तेव्हा धारवाड, बेळगाव, गदग या काळ्या मातीच्या प्रांतांतून बैलगाड्यांच्या रांगाच्या रांगा दांडेलीची वाट धरून त्या जंगलात शिरतात. ही वाट भक्तीची खरी, परंतु तिचा उगम पलायनात आहे. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात कल्याण येथे कलचुरी राजा बिज्जळ मारला गेला, राजसत्ता शरणांवर उलटली आणि कालपरवापर्यंत ज्या नगरीत अनुभवमंटपाचा उद्घोष होत होता त्या नगरीतून जीव आणि वचनांच्या पोथ्या घेऊन निघालेला शरणांचा एक मेळा चन्नबसवण्णांच्या मागोमाग या अरण्यात येऊन विसावला, अशी परंपरा आहे. मैदानातील राज्याने ज्याचे रक्षण करण्याचे सोडले, त्याने घाटमाथ्यावरील झाडीत आसरा शोधावा, हा या प्रदेशाचा फार जुना परिपाठ होय.

पुढे सहा शतकांनी याच मुलखाच्या धन्यावर तसाच प्रसंग गुदरला. उळवीच्या भोवतालचा सुपे महाल ज्या सोंदे संस्थानात मोडत असे, त्याचा राजा इम्मडी सदाशिव याचे राज्य १७६३ साली, बिदनूर गिळंकृत केल्यावर लागलीच, हैदर अलीने घेतले. सोंदेकर पेशव्यांना चौथाई देत आले होते. चौथाई घेणाऱ्याने संरक्षण करावे असा त्या व्यवहाराचा निदान उघड अर्थ तरी होता. थोरले माधवराव पेशवे १७६४ साली कृष्णा ओलांडून आले, रट्टेहळ्ळी व अनवट्टी येथे त्यांनी हैदराचा सडकून पराभव केला. पण १७६५ च्या आरंभी राघोबादादांच्या मध्यस्थीने तह ठरला, त्यात सावनूरच्या नबाबाची आणि मुरारराव घोरपड्यांची सोय लागली, पैशाचा आकडा ठरला, पेशव्यांची फौज परत फिरली, आणि सोंद्याचे राज्य हैदराकडेच राहिले. राजा तोवर सहकुटुंब गोव्यात गेला होता. पोर्तुगीजांनी त्याला आश्रय दिला आणि त्याच्याच नावाने व त्याच्याच रक्षणाच्या मिषाने फोंडे, झांबावली, काणकोण आणि खोलगड ही घाटाखालची ठाणी ताब्यात घेतली. ती ठाणी सोंदेकरांस परत मिळाली नाहीत. १७९१ च्या करारनाम्याने ती पोर्तुगीजांची झाली, आणि सोंद्याचा वंश फोंड्याजवळ बांदिवड्यास वर्षासनावर राहिला. मित्राने तहात वगळले आणि आश्रयदात्याने ठेव पचविली, अशा दुहेरी विश्वासभंगाची ही हकीगत आहे. तरीही तीत एक गोष्ट नव्हती. सोंदेकराला वाचविण्याकरिता आलेली फौज त्याच्या वेशीवरून, शत्रूच्या वचनावर विसंबून, उठून गेली नव्हती. तो प्रकार वीस वर्षांनी नरगुंद येथे घडला, आणि त्याचीच कथा येथे सांगावयाची आहे.

नरगुंदचा किल्ला धारवाडच्या ईशान्येस, मलप्रभेच्या दक्षिणेकडील सपाट काळवटीत एकाकी उभ्या असलेल्या डोंगरावर आहे. तेथील भावे घराणे कोकणस्थ ब्राह्मणांचे. नदीकाठचे रामदुर्ग याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेकडे होते. मुलूख कानडी, रयत बहुतेक लिंगायत, दफ्तर मराठी, आणि निष्ठा पुण्याकडे, अशी या संस्थानाची घडण होती. कृष्णा आणि तुंगभद्रा या दोन नद्यांमधील हा सारा प्रदेश थोरल्या माधवरावांनी आपल्या कारकिर्दीत तीन स्वाऱ्या करून हैदरापासून सोडविला. परंतु त्यांच्या मृत्यूनंतर नारायणरावांचा खून, राघोबादादांचे इंग्रजांकडे जाणे आणि बारभाईंचे कारस्थान यांत पुणे गुंतून पडले असता हैदर पुन्हा कृष्णेपर्यंत सरकत आला. राघोबादादांनी आपल्या पक्षाला पाठबळ मिळावे म्हणून त्या ताब्याला संमती दिली होती. पुढे १७८० साली इंग्रजांविरुद्ध चौकडी उभारताना हैदराला सामील करून घेण्यासाठी नाना फडणिसांनाही, वार्षिक खंडणीच्या बोलीवर, तीच संमती देणे भाग पडले. अशा रीतीने नरगुंदच्या देसायांचे खाविंद त्यांना न विचारता बदलले. हैदर व्यवहारी मनुष्य होता. नेहमीची पेशकश घ्यावी आणि जुन्या संस्थानिकांच्या घरात फार हात घालू नये, एवढे तारतम्य त्याने पाळले. १७८२ च्या डिसेंबरात तो वारला आणि त्याच्या गादीवर आलेल्या टिपूने ते पाळले नाही.

टिपूने नरगुंदकडे वाढीव रकमेची मागणी केली. व्यंकटराव भावे हे देसाई आणि काळोपंत पेठे हे त्यांचे कारभारी. काळोपंत हा करारी, पत्रव्यवहारात निष्णात आणि धन्याच्या वतीने चारही दिशांना धागे टाकून ठेवणारा पुरुष होता. त्याने पुण्याकडे धाव घेतली, आणि तासगाव-मिरजेच्या पटवर्धनांकडेही, कारण परशुरामभाऊंशी भावे घराण्याचा सोयरसंबंध होता. नानांनी टिपूला जे कळविले त्यात कायद्याची बाजू भक्कम होती: मुलूख एकाकडून दुसऱ्याकडे गेला तरी जुन्या संस्थानिकांकडून ठरलेल्या रकमेपलीकडे काही मागावयाचे नाही, आणि ज्यांनी बेइमानी केली नाही त्यांचे हक्क अबाधित ठेवावयाचे, हा पूर्वापार रिवाज आहे. टिपूचा जबाब थोडक्यात असा होता की, आपल्या प्रजेकडून किती घ्यावे हे ठरविण्याचा अधिकार आपला आहे. एकाच किल्ल्याबद्दल दोन दरबारांनी अशी दोन विसंगत विधाने केली म्हणजे त्यांचा निकाल कागदावर लागत नसतो.

१७८५ च्या आरंभी टिपूचा मेहुणा बुऱ्हाणुद्दीन याने नरगुंदास वेढा घातला, आणि पुण्याहून गणेशपंत बेहेरे व तासगावहून परशुरामभाऊ पटवर्धन असे दोघे कुमकेस निघाले. पण ही कुमक कोणत्या आज्ञेने बांधलेली होती हे पाहिले पाहिजे. नानांची इच्छा अशी होती की, फौज जवळ जाऊन उभी राहावी, तिच्या धाकानेच वेढा उठावा, आणि होता होईल तो हातघाई करू नये. त्यांच्या दृष्टीने याला कारणे होती. महादजी शिंदे उत्तरेत दिल्लीच्या राजकारणात बुडालेले, सालबाईच्या तहाची शाई वाळून तीन वर्षेही झाली नव्हती, तिजोरी मोकळी, आणि निजाम अलीशी १७८४ साली यादगीर येथे झालेल्या भेटीत टिपूविरुद्ध जी संयुक्त मोहीम ठरली होती, तिची तयारी अद्याप कागदावरच होती. नाना वेळ विकत घेत होते. वेळेची किंमत मात्र नरगुंदने द्यावयाची होती, आणि त्या किमतीचा नरगुंदशी करार झाला नव्हता.

सेनापतींना ही आज्ञा फार दिवस पाळता आली नाही. ते पुढे सरसावले, चकमक उडाली, तीत मराठ्यांची बाजू बरीच पडती राहिली. तरी पाण्याच्या दुर्भिक्ष्याने आणि नव्या फौजेच्या सान्निध्याने बुऱ्हाणुद्दीनला मोर्चे उठवून बाजूला व्हावे लागले. किल्ल्यावरील मंडळींना त्या दिवसांत काय वाटले असेल, याची कल्पना कोणत्याही वेढ्याचे वर्णन वाचलेल्या वाचकास करता येईल: खाली शत्रूचे डेरे उठत आहेत, दूरवर आपल्या माणसांच्या जरीपटक्याची धूळ दिसते आहे. पण उठलेल्या फौजेने रामदुर्गाकडे मोहरा वळविला आणि ते ठाणे घेतले. ही माघार म्हणजे केवळ पाण्यासाठी घेतलेला वळसा आहे हे तेव्हाच ओळखावयास हवे होते.

याच सुमारास टिपूने पुण्याच्या वकिलांपुढे नवी बोली मांडली. थकलेली दोन वर्षांची खंडणी आपण भरतो, नरगुंदचा कज्जा गोडीने मिटवू, तुमची फौज मात्र मागे जावी. पावसाळा तोंडावर आला होता. मलप्रभा आणि कृष्णा एकदा भरल्या म्हणजे दक्षिणतीरावर अडकलेल्या फौजेस ना वैरण ना वाट. दोन वर्षांच्या खंडणीचा आकडा रिकाम्या तिजोरीला मोठा आकर्षक होता. पुण्याने बोली मान्य केली आणि फौज परत फिरली.

येथे आम्हांस थोडे थांबणे अवश्य वाटते, कारण सारा प्रश्न या एका निर्णयात आहे. शत्रूशी बोली करणे हा दोष नव्हे. दुर्बळ काळात राज्ये बोलीवरच जगतात. पण बोलीचा अनुक्रम काय होता? फौज आधी निघाली आणि वचनाची पूर्तता नंतर व्हावयाची होती. जे शस्त्र हाती असल्यामुळे वचन मिळाले, ते शस्त्रच वचनाच्या मोबदल्यात प्रथम देऊन टाकले गेले. ही गोष्ट नानांना अपरिचित होती असेही नाही. अवघ्या सहा वर्षांपूर्वी, १७७९ च्या जानेवारीत, वडगावात कोंडलेल्या इंग्रजी फौजेने साष्टी परत देण्याचा करार करून सुटका करून घेतली होती, आणि ती फौज मुंबईस सुखरूप पोहोचताच मुंबईकरांनी आणि कलकत्तेकरांनी तो करार नामंजूर केला होता. तेव्हा महादजींनी निदान फार्मर आणि स्ट्युअर्ट असे दोन ओलीस ठेवून घेतले होते. तेवढ्यानेही करार वाचला नाही. नरगुंदच्या वेळी तर सावधगिरीचा तेवढाही मासला दिसत नाही. ज्याने वडगावचा धडा स्वतः अनुभवला, त्याच मुत्सद्द्याने तो दुसऱ्याच्या किल्ल्याच्या बाबतीत विसरावा, हे नानांच्या दीर्घ आणि बहुतांशी दूरदर्शी कारकिर्दीतील एक खेदजनक स्थळ आहे. त्यांच्या अडचणी खऱ्या होत्या. परंतु फौज मागे घेताना व्यंकटरावाला आणि काळोपंताला किल्ल्याबाहेर काढून कृष्णेपार नेणे, किंवा किल्ल्यात पटवर्धनांची शिबंदी व पावसाळाभराची रसद घालणे, या गोष्टी अडचणींच्या पलीकडच्या नव्हत्या.

याच वेळी सह्याद्रीच्या खाली किनाऱ्यावर तसाच अनुभव ताजा होता, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. १७८३ साली मुंबईहून आलेल्या जनरल मॅथ्यूजच्या इंग्रजी फौजेने कारवार ते मंगळूरपर्यंतचा किनारा आणि वरचे बिदनूरदेखील घेतले. होनावरच्या किल्ल्यात कॅप्टन टोरियानोची शिबंदी मंगळूरचा तह होईपर्यंत तग धरून राहिली. ११ मार्च १७८४ रोजी झालेल्या त्या तहात टिपूने असे कलम मान्य केले होते की, या किनाऱ्यावरील ज्या राजांनी व जमीनदारांनी युद्धात इंग्रजांना अनुकूलता दाखविली त्यांना त्या कारणास्तव उपद्रव होणार नाही. इंग्रजी ठाणी उठली, गलबते मुंबईकडे गेली. सामान्य रयतेचे नाव त्या कलमात नव्हतेच, आणि इंग्रजांना साह्य केल्याचा ठपका ठेवून कानडा प्रांतातील हजारो ख्रिस्ती कुटुंबे त्याच वर्षी घाट चढवून श्रीरंगपट्टणास कैदेत नेण्यात आली. त्यांच्यासाठी पुन्हा कोणतेही गलबत आले नाही. ही घटना नरगुंदच्या वेढ्याच्या आदल्या वर्षाची, आणि नरगुंदपासून काही दिवसांच्या मजलांवरची. पुण्याच्या दरबारात किनाऱ्याच्या बातम्या येत नव्हत्या असे म्हणता येणार नाही.

मराठी फौज दृष्टीआड झाली आणि बुऱ्हाणुद्दीन परत नरगुंदखाली आला. कमरुद्दीनखान त्याच्या साह्यास होता. मग पाऊस सुरू झाला. पहिल्या खेपेस पाण्याच्या अभावाने ज्याला उठावे लागले होते, त्याच्या छावणीला आता पाण्याची ददात उरली नाही, आणि तेच पाणी नद्यांना चढून कुमकेच्या वाटेत आडवे झाले. काळोपंताने पत्रांवर पत्रे पाठविली. पटवर्धनांच्या दफ्तरातील अशा पत्रव्यवहारास वासुदेवशास्त्री खरे यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'त मोठ्या श्रमाने प्रकाशात आणले, आणि त्या काळातील पत्रे वाचताना वाचकाच्या मनास जे टोचते ते त्यांतील नेहमीचे, सरकारी, मर्यादेचे वळण होय. परशुरामभाऊंना नरगुंदची कळकळ होती, ते पुन्हा जाण्यास उत्सुक होते; पण हुजूरच्या आज्ञेवाचून आणि उतारावाचून नदीपलीकडे फौज नेणे एकट्या पटवर्धनी पथकाला शक्य नव्हते. पुण्याहून धीर येत होता. धीराने बुरूज उभे राहत नाहीत.

वेढ्याला एकंदर सात महिने लागले, असे सरकारी गॅझेटिअर सांगते. एवढ्या लहान संस्थानाने, तेही एकदा पाठीशी आलेली फौज परत गेल्यावर, म्हैसूरच्या तोफांपुढे इतके दिवस काढले, ही गोष्ट किल्ल्यावरील कानडी आणि मराठी अशा दोन्ही भाषांच्या शिपायांच्या नावाने नोंदविली पाहिजे. त्यांची नावे कोणत्याही तहनाम्यात नाहीत. अखेर १७८५ च्या जुलै महिन्याच्या शेवटी, दाणागोटा आणि आशा या दोहोंचा शेवट झाल्यावर, किल्ला खाली करण्याची बोली झाली. जीव, अब्रू आणि वित्त यांस धक्का लागणार नाही, मंडळींस जावयाचे तेथे जाऊ द्यावे, असा कौल मिळाला. त्या कौलावर व्यंकटराव, काळोपंत आणि त्यांची कुटुंबे किल्ल्याखाली उतरली.

उतरताच त्यांना कैद करण्यात आले. ग्रँट डफ आणि विल्क्स हे दोघेही इंग्रज ग्रंथकार कौल मोडला गेल्याचे स्पष्ट लिहितात, आणि मराठी कागदही तेच सांगतात. देसाई व कारभारी यांच्या पायांत बेड्या पडल्या, त्यांची रवानगी म्हैसूरच्या मुलखात झाली, आणि तेथील पाण्याने व हवेने कैद्यांचा काळ ठरणारा म्हणून कुप्रसिद्ध असलेला कब्बलदुर्ग त्यांच्या वाट्याला आला. देसायांची एक कन्या सुलतानाच्या जनानखान्याकडे पाठविण्यात आली असे ग्रँट डफ नमूद करतो. त्यापाठोपाठ कित्तूरचाही घास घेण्यात आला.

हे लिहिताना एका गोष्टीची नोंद न्यायबुद्धीने केली पाहिजे. कौल मोडणे हा एकाच दरबाराचा किंवा एकाच धर्माच्या राजाचा गुण होता असे मानून जे लिहितात त्यांना त्या काळाचा अभ्यास नाही. वडगावचा करार मोडणारे कोण होते, ते वर आलेच आहे. १७९१ साली टिपूवरील स्वारीत पटवर्धनांच्याच फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, आणि त्या मठाच्या पुनःस्थापनेस द्रव्य व आज्ञापत्रे पाठविणारा टिपूच होता. तेव्हा नरगुंदच्या प्रसंगाचा अर्थ टिपूच्या स्वभावापाशी संपत नाही. टिपूने वचन मोडले, त्याचे पाप त्याच्या माथी आहे. पण ज्या माणसांच्या जिवाविषयी ते वचन होते, त्यांना त्या वाटाघाटीत आसन नव्हते, आणि ज्यांना आसन होते त्यांचा जीव पणास लागलेला नव्हता. पुण्याच्या वकिलांपुढे खंडणीचा आकडा मुख्य होता आणि नरगुंद हे त्या आकड्यास जोडलेले उपकलम होते. आकडा चुकता होईल की नाही याची चौकशी झाली. किल्ल्याखालच्या मोर्चांचे काय होईल, ते प्रत्यक्ष पाहण्यास मागे कोणी राहिला नाही.

नरगुंद पडल्याची बातमी पुण्यास पोहोचल्यावर मात्र खळबळ उडाली, आणि जी संयुक्त मोहीम वर्षभर कागदावर होती ती उभी राहिली. सवाई माधवराव त्या वेळी अवघे अकरा वर्षांचे. राज्याचा सारा भार नानांवर. १७८६ च्या मे महिन्यात मराठे आणि निजाम यांच्या फौजांनी बदामी चढून घेतली. या स्वारीत नाना स्वतः छावणीत हजर होते, जी गोष्ट त्यांच्या आयुष्यात क्वचितच घडली. हरिपंत फडके, मुधोजी भोसले, तुकोजी होळकर असे मातबर सरदार एकत्र आले. पुढे टिपूने भर पुरात तुंगभद्रा ओलांडून सावनूरापाशी त्यांना चांगलेच सतावले, आणि दोन्ही बाजू थकल्या. जी फौज १७८५ च्या उन्हाळ्यात नरगुंदखाली जमविता आली नाही, तिच्याहून कितीतरी मोठी फौज वर्षाने जमली, यावरून अशक्य काय होते आणि केवळ गैरसोयीचे काय होते, याचा अजमास वाचकाने करावा.

१७८७ च्या एप्रिलमध्ये गजेंद्रगड येथे तह झाला. टिपूने पंचेचाळीस लाख द्यावयाचे, पैकी तीस लाख रोख, असा आकडा ग्रँट डफ देतो; बदामी, कित्तूर आणि नरगुंद ही स्थळे मराठ्यांकडे आली. म्हणजे कृष्णा-तुंगभद्रेच्या दुआबातील तो वादग्रस्त डोंगर एकवीस महिन्यांच्या आतच परत मिळाला. ठाण्यावर पुण्याचे निशाण चढले, कमावीस सुरू झाली, वसुलाच्या जमाखर्चात नरगुंदचा आकडा पुन्हा दिसू लागला. त्यानंतर १७९० ते १७९२ या काळात इंग्रज, निजाम आणि मराठे यांनी मिळून टिपूवर स्वारी केली, परशुरामभाऊ श्रीरंगपट्टणाच्या तटापर्यंत जाऊन आले, टिपूचा निम्मा मुलूख वाटून घेण्यात आला, आणि मराठी राज्याची हद्द तुंगभद्रेवर येऊन ठेपली.

व्यंकटराव भावे मात्र कैदेतच होते. ज्या किल्ल्याचे ते धनी, तो किल्ला सुटून बारा वर्षे झाली, तरी त्यांची सुटका झाली नाही. ती झाली ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडल्यानंतर, आणि ते पाडणाऱ्या फौजेत इंग्रज होते, निजामाची पथके होती. पुण्याची फौज त्या स्वारीत नव्हती. पुढे पेशव्यांनी नरगुंदचा किल्ला आणि सव्वा लाखाचा मुलूख व्यंकटरावांच्या नावे पुन्हा करून दिला. कैदेत त्यांची चौदा वर्षे गेली होती.